विश्लेषण : विद्यापीठातील सर्वसमावेशक शिक्षण केंद्राला प्रमुख असतो, पण अधिकार कोणाकडे?

प्रवेश अर्जातील ‘दिव्यांग’ या रकान्यात खूण केली आणि प्रमाणपत्र जोडले की पाच टक्के राखीव जागांसाठी दावा करता येतो. खरी परीक्षा मात्र प्रवेशानंतर सुरू होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात व्हीलचेअर कशी न्यायची? दृष्टिहीन विद्यार्थ्याने स्कॅन केलेल्या नोट्स कशा वाचायच्या? सत्र परीक्षेला लेखनिक कोण देणार? अनेक विद्यापीठांत या प्रश्नांसाठी एका केंद्राकडे किंवा कक्षाकडे बोट दाखवले जाते. तेथे एक समन्वयक किंवा संचालक असतो. पण वर्ग बदलणे, परीक्षेचे नियम ठरवणे, पैसे मंजूर करणे यातील कोणता निर्णय तो स्वतः घेऊ शकतो? दिव्यांग विद्यार्थी पदवी पूर्ण करतो की मधेच गळतो, हे बऱ्याचदा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

हे केंद्र नेमके कशासाठी?

वेगवेगळ्या विद्यापीठांत त्याची नावे वेगळी आहेत. कुठे समान संधी कक्ष, कुठे दिव्यांग विद्यार्थी साहाय्य कक्ष, कुठे सर्वसमावेशक शिक्षण केंद्र. कामे मात्र साधारण तीन असतात. पहिले, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मदत : लेखनिक, जादा वेळ, वाचता येईल असे अभ्याससाहित्य, सांकेतिक भाषेचा दुभाषी, वसतिगृहातील सोय. दुसरे, शिक्षकांचे प्रशिक्षण. तिसरे, संशोधन आणि धोरणांचा पाठपुरावा.

दिल्ली विद्यापीठाने २००६ मध्ये समान संधी कक्ष स्थापन केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) पंचवार्षिक योजनांच्या काळात विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी साहाय्य कक्ष उभारण्याची योजना राबवली. २०१२ मध्ये आयोगाच्या समानताविषयक नियमांत समान संधी कक्षाचा उल्लेख आला. २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वेही आयोगाने जाहीर केली. म्हणजे कागदावर या केंद्रांचा पाया दोन दशकांत चांगलाच भक्कम झाला आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात २१ झाले. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, अॅसिड हल्ल्यातील पीडित यांचा त्यात समावेश आहे.

कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत सुगम्य ठेवायची आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार ‘वाजवी सोय’ करायची. कलम १७ मध्ये अभ्यासक्रम आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल, जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख आहे. कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी, पाच टक्क्यांपेक्षा कमी नाहीत इतक्या जागा राखीव ठेवायच्या आहेत. कमाल वयात पाच वर्षांची सवलतही आहे.

यातील ‘वाजवी सोय’ ही संकल्पना केंद्रप्रमुखाच्या कामाचा गाभा आहे. संस्थेवर अवाजवी बोजा न टाकता, त्या विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा म्हणून केलेला आवश्यक बदल, असा तिचा कायदेशीर अर्थ. ही मेहेरबानी नव्हे. ती नाकारणे हा कायद्याच्या व्याख्येत भेदभावच ठरतो.

न्यायालयांची भूमिका काय?

डिसेंबर २०१७ मध्ये ‘डिसेबल्ड राइट्स ग्रुप’च्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्व उच्च शिक्षण संस्थांना कलम ३२ चे पालन करण्याचे आदेश दिले. शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक यांचा समावेश असलेली अंतर्गत यंत्रणा प्रत्येक संस्थेत उभारता येईल का, हे तज्ज्ञ समितीने तपासावे, असेही न्यायालयाने सुचवले. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या दैनंदिन गरजांकडे पाहणारे कोणीतरी संस्थेच्या आतच हवे, हा त्यामागचा विचार.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. लिहिण्यात खरी अडचण असेल तर दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असले तरी लेखनिक नाकारता येणार नाही, असे स्पष्ट झाले. त्यानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नीट’ परीक्षेत लेखन अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला जादा वेळ नाकारल्याचे प्रकरण न्यायालयापुढे आले. परीक्षा केंद्रावरील कर्मचाऱ्यांना नियम माहीत नसणे ही संस्थेचीच जबाबदारी आहे, असा त्या निकालाचा रोख होता.

२०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की प्रमाणपत्रावरील टक्केवारी एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. तो विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासावे लागेल. या सर्व निकालांचा अर्थ एकच निघतो : सरसकट नियम पुरेसे नाहीत, प्रत्येक विद्यार्थ्याची गरज स्वतंत्रपणे पाहणारी व्यक्ती हवी. विद्यापीठात ती व्यक्ती म्हणजे केंद्राचा प्रमुख.

विद्यार्थी किती आहेत?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. ही गणना जुन्या, कमी प्रकारांच्या यादीवर आधारित होती. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०१९-२० मध्ये सुमारे ९३ हजार दिव्यांग विद्यार्थी नोंदले गेले. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ती संख्या सुमारे ७९ हजारांवर आली. त्या वर्षी देशातील एकूण विद्यार्थीसंख्या चार कोटींच्या वर होती. म्हणजे दर हजार विद्यार्थ्यांमागे जेमतेम दोन.

पाच टक्के राखीव जागा आणि हजारी दोन विद्यार्थी यांतील दरी शाळेपासूनच सुरू होते, हे खरे. पण सगळा दोष शाळेवर टाकता येत नाही. अनेक विद्यार्थी आपले दिव्यांगत्व महाविद्यालयात नोंदवतच नाहीत. नोंदवून फायदा काय, असा त्यांचा अनुभव असतो. महाराष्ट्राने १९९६ मध्ये, इतर राज्यांच्या आधी, अध्ययन अक्षमता असलेल्या शालेय विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. दहावी-बारावीत सवलत घेतलेला असा विद्यार्थी पदवीला आला, की त्याला पुन्हा पहिल्यापासून कागद गोळा करावे लागतात. शाळेतील सवलत आपोआप विद्यापीठात पोहोचत नाही. ती पोहोचवणे हे केंद्राचे पहिले काम असायला हवे.

अडते कुठे?

केंद्रप्रमुखाच्या टेबलावर येणारी जवळपास प्रत्येक अडचण सोडवण्याचा अधिकार दुसऱ्याच कुणाकडे असतो.

जादा वेळ आणि लेखनिकाचा निर्णय परीक्षा विभागाचा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ द्यायचा आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. मुख्य परीक्षेत हे बहुधा पाळले जाते. पण सत्र पद्धतीत चाचण्या, प्रकल्प, तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिके वर्षभर सुरू असतात. दर पंधरा दिवसांनी होणाऱ्या २० गुणांच्या चाचणीला लेखनिक कुठून आणायचा, याची तरतूद नसते. विद्यार्थी मित्राला विनवतो, मित्राचाही त्याच वेळी पेपर असतो.

वर्ग तळमजल्यावर हलवणे विभागप्रमुख आणि वेळापत्रक समितीच्या हाती. रॅम्प आणि लिफ्ट अभियांत्रिकी विभागाच्या हाती. संगणक प्रणाली घ्यायची तर खरेदी समिती आणि वित्त व लेखा अधिकारी. ग्रंथालयातील पुस्तकांच्या वाचनीय प्रती ग्रंथपालाकडे. केंद्रप्रमुख या सगळ्यांना पत्रे लिहितो, स्मरणपत्रे पाठवतो. पत्राला उत्तर येईपर्यंत सत्र संपलेले असते.

त्यातच हे पद बऱ्याचदा पूर्णवेळ नसते. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ दिलेला असतो. त्याचे तास, संशोधन, प्रबंध, नॅकची कामे चालूच असतात. प्राध्यापकांच्या जागा मोठ्या संख्येने रिक्त असताना विद्यापीठांकडे याहून वेगळा पर्याय नसतो, ही प्रशासनाची बाजूही खोटी नाही. पण परिणाम असा, की कार्यभार बदलला की केंद्राची स्मृतीही पुसली जाते. आधीच्या समन्वयकाने जमवलेले लेखनिक, ओळखीची रुग्णालये, विद्यार्थ्यांच्या नोंदी सगळे नव्याने सुरू होते.

पैशांचेही तसेच. योजनेच्या अनुदानावर उभा राहिलेला कक्ष योजना संपली की निराधार होतो. पंचवार्षिक योजनांची पद्धतच २०१७ मध्ये संपली. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात केंद्रासाठी स्वतंत्र शीर्ष नसेल तर दुभाष्याचे मानधन दर वेळी विशेष बाब म्हणून मंजूर करून घ्यावे लागते.

संलग्न महाविद्यालयांचे काय?

महाराष्ट्रातील विद्यापीठांची रचना या प्रश्नाला आणखी अवघड करते. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गपर्यंत, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांत. बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात नव्हे, तर संलग्न महाविद्यालयांत शिकतात. कलिना किंवा गणेशखिंड येथील केंद्र कितीही चांगले असले, तरी सावंतवाडी किंवा सुरगाण्यातील कर्णबधिर विद्यार्थिनीला त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा तिच्या महाविद्यालयात एक जबाबदार शिक्षक नेमलेला असेल आणि केंद्राचा शब्द तेथील प्राचार्यांना बंधनकारक असेल.

मराठीत शिकणाऱ्यांची वेगळी अडचण कोणती?

दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावर किंवा मोबाइलवर ‘स्क्रीन रीडर’च्या मदतीने मजकूर ऐकतात. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये हवा. मराठीतील बरीच पुस्तके, नोट्स आणि प्रश्नपत्रिका मात्र वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरे वाचतो. पानाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोट तर त्याच्यासाठी कोरा कागदच. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला ही अडचण तुलनेने कमी येते. म्हणजे गावातून आलेला, मराठीत शिकणारा दृष्टिहीन विद्यार्थी दुहेरी मागे पडतो.

कायद्याची अडचण आता राहिलेली नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांसाठी पुस्तके वाचनीय स्वरूपात आणण्यास मुभा मिळाली. अशा पुस्तकांविषयीचा माराकेश करार मान्य करणारा भारत २०१४ मध्ये जगातील पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. उरते ते काम साधे, पण चिकाटीचे : विद्यापीठाने यापुढचे सर्व साहित्य युनिकोडमध्येच घ्यायचे आणि जुने टप्प्याटप्प्याने बदलायचे. हा नियम केंद्रप्रमुखाने सुचवून भागत नाही, विद्या परिषदेने करावा लागतो.

केंद्र चांगले चालले तर काय घडते?

जगात अशा केंद्रांची सुरुवात विद्यार्थ्यांनीच केली. पोलिओमुळे मानेखाली जवळपास हालचाल नसलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये अमेरिकेतील बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. श्वासासाठी लागणारे त्यांचे अवजड यंत्र वसतिगृहात मावेना म्हणून त्यांना आवारातील रुग्णालयात राहावे लागले. हळूहळू तेथे आणखी दिव्यांग विद्यार्थी आले. १९७० मध्ये त्यांच्या पुढाकारातून विद्यापीठात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. मदतनीस मिळवून देणे, राहण्याची जागा शोधणे, व्हीलचेअर दुरुस्त करणे ही त्याची कामे. गरज काय आहे हे चालवणाऱ्यांनाच ठाऊक होते, म्हणून तो चालला.

मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठीचे संसाधन केंद्र सुरू झाले. ते उभे करणारे डॉ. सॅम तारापोरवाला हे समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि स्वतः दृष्टिबाधित. त्या केंद्राने विद्यार्थ्यांना मदत करण्यापुरते काम मर्यादित ठेवले नाही. बँकसेवा आणि कॉपीराइट कायदा अशा वर्गाबाहेरच्या प्रश्नांचाही पाठपुरावा केला.

हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठाचे दिव्यांगत्व अभ्यास केंद्र हे तिसरे उदाहरण. सुगम्यतेच्या अंमलबजावणीची स्थिती तपासण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने या केंद्राकडे सोपवले. त्याच्या अहवालाच्या आधारे नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘राजीव रतुडी’ खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारक हवेत, असे न्यायालयाने ठरवले आणि सरकारला त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. एका विद्यापीठ केंद्राचा अभ्यास देशभरातील इमारतींच्या नियमांपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण.

केंद्र असले की इतरांची जबाबदारी संपते?

येथे एक धोका आहे. केंद्र सुरू झाले की शिक्षक प्रत्येक प्रश्नावर ‘केंद्रात जा’ म्हणू लागतात. विद्यार्थी वर्गापेक्षा केंद्रातच अधिक बसतो. समावेशाच्या नावाखाली एक वेगळी खोली तयार होते. म्हणून केंद्राचे यश तेथे किती विद्यार्थी येतात यावर मोजता येत नाही. किती विद्यार्थ्यांना तेथे न जाताच वर्गात, ग्रंथालयात, परीक्षागृहात सोय मिळाली, यावर ते मोजावे लागते.

गोपनीयतेचाही प्रश्न आहे. मानसिक आजार किंवा स्वमग्नता असलेल्या विद्यार्थ्याला आपले निदान वर्गभर कळायला नको असते. शिक्षकाला ‘या विद्यार्थ्याला अर्धा तास जास्त द्या’ एवढे कळणे पुरेसे आहे, कारण कळणे गरजेचे नाही. हे शक्य होण्यासाठी केंद्राचे पत्र विनंती नव्हे, तर आदेश म्हणून वाचले गेले पाहिजे. विनंती असली की शिक्षक कारण विचारतो, आणि कारण सांगताना विद्यार्थ्याची गोपनीयता संपते.

काय बदलायला हवे?

पहिली गोष्ट पदाची. केंद्राला पूर्णवेळ प्रमुख हवा आणि त्याचा अहवाल थेट कुलगुरूंकडे जायला हवा. दुसरी, निर्णयाची. परीक्षेतील सोयीबाबत केंद्राचा निर्णय ठरावीक दिवसांत परीक्षा विभागावर बंधनकारक असावा, मतभेद असल्यास विभागाने लेखी कारण द्यावे. तिसरी, समित्यांची. बांधकाम आणि खरेदी समितीत केंद्रप्रमुखाला स्थान हवे. इमारत बांधून झाल्यावर रॅम्पची मागणी करण्यापेक्षा नकाशातच तो असणे स्वस्त पडते. चौथी, पैशांची. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : केंद्र चालवताना दिव्यांग विद्यार्थी आणि शिक्षक यांचा निर्णयात वाटा हवा. सेवा देणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असू नये, हेही पाहावे लागेल. केंद्राविरुद्धच तक्रार असेल तर विद्यार्थ्याने जायचे कुठे?

यातील बहुतेक बदलांना नवा कायदा लागत नाही. व्यवस्थापन परिषदेचा ठराव पुरतो. इमारतींबाबत तर कायद्यातील मुदतही उलटून गेली आहे. २०१७ च्या नियमांपासून पाच वर्षांत सार्वजनिक इमारती सुगम्य करायच्या होत्या.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

सोयीची मागणी प्रवेशाच्या वेळीच लेखी द्यावी आणि पोचपावती घ्यावी. तोंडी आश्वासनावर थांबू नये. दिव्यांगत्वाचे यूडीआयडी कार्ड किंवा प्रमाणपत्र जोडावे. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल आणि लिहिण्यात अडचण असेल, तरी लेखनिकाची मागणी करता येते. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. चाचणी आणि प्रात्यक्षिकांसाठीची सोयही याच अर्जात मागावी.

विद्यापीठात दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आयुक्तालय पुण्यात आहे. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. कायद्याच्या उल्लंघनासाठी पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत, त्यानंतर ५० हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आयुक्तांकडची तक्रार निकाली निघेपर्यंत विद्यार्थ्याचे सत्र मात्र थांबत नाही. चाचणी सोमवारी असेल तर उत्तर शुक्रवारपर्यंत हवे. तेवढ्या वेळात ‘हो’ म्हणण्याचा अधिकार केंद्राच्या प्रमुखाला आहे की नाही, हे प्रत्येक विद्यापीठाला स्वतःच्या आदेशात लिहून ठेवता येईल.